उष्टं धनुष्य

कॅलेंडरवरच्या एकाही वीराने धनुष्य तयार होत असताना आपलं चित्र काढू दिलेलं नाही. तयार धनुष्य खांद्याला लावून सगळे उभे असतात. सोनेरी वेलबुट्टी, टोकाला छोटी घंटा, मागे तेजोवलय. पण ज्या घरात ते धनुष्य घडलं त्या घराचं चित्र छापायचं ठरवलं तर छापखानावाल्याची पंचाईत होईल. एक माणूस उकिडवा बसलाय. समोर जनावराच्या पायातल्या वाळलेल्या शिरांचा ढीग आहे. शेजारी मंद आचेवर सरसाचं भांडं आहे आणि त्याच्या वासाने निम्मी गल्ली माहेरी गेली आहे. माणसाच्या तोंडातून ओल्या दोऱ्याचं एक टोक लोंबतंय आणि ते तो मन लावून चघळतोय. असं कॅलेंडर दिवाणखान्यात लावायला कोणी धजणार नाही, मग खालच्या तिथ्या कितीही बिनचूक असोत.

चघळली जाणारी ती वस्तू म्हणजे शीर. पाठ्यपुस्तकात तिला कंडरा म्हणतात. मांसाला हाडाशी बांधून ठेवणारा पांढरा, चिवट पट्टा. आपल्या टाचेच्या वर चिमटीत धरता येतो तोच. बैलाच्या आणि हरणाच्या पायात तो जाड मिळतो, पाठीच्या कण्यालगत लांब मिळतो. कोरियापासून तुर्कस्तानापर्यंत आणि आर्क्टिकच्या बर्फापासून कॅलिफोर्नियाच्या डोंगरांपर्यंत ज्यांनी ज्यांनी चांगली धनुष्यं केली, त्यांतल्या बहुतेकांनी ही शीर कुठे ना कुठे वापरली. कोणी धनुष्याच्या पाठीवर चिकटवली, कोणी मुठीला आणि टोकांना गुंडाळली, कोणी बाणाच्या फाळाखाली वेढली.

यामागचं कारण सोपं आहे. धनुष्याला पोट असतं आणि पाठ असते. पोट तिरंदाजाकडे, पाठ शत्रूकडे. (शत्रूला पाठ दाखवणारं हे एकमेव शस्त्र, आणि त्याबद्दल त्याला कोणी भित्रं म्हणत नाही.) धनुष्य ओढलं की पोट दाबलं जातं आणि पाठ ताणली जाते. लाकूड ताण सोसतं, पण एका मर्यादेपर्यंतच. जरा जास्त ओढलं की ते पाठीकडून तडकतं. शीर मात्र लाकडापेक्षा कितीतरी जास्त ताणली जाते आणि मुकाट्याने मूळ लांबीवर परत येते. म्हणून जुन्या कारागिरांनी पाठीवर शीर लावली, पोटावर म्हशीचं शिंग लावलं, मधे लाकूड ठेवलं आणि माशाच्या फुग्याचा किंवा कातड्याचा सरस घालून सगळ्यांना एकत्र आणलं. म्हैस, बैल, झाड आणि मासा असं हे एकत्र कुटुंब. स्वभाव चौघांचे चार, ऋतू बदलला की प्रत्येक जण वेगळा फुगणार, वेगळा आकसणार. कोणी रुसून वेगळं होऊ नये म्हणून सांध्यासांध्यावर पुन्हा शिरेचेच घट्ट वेढे.

हे कळल्यावर माणसाच्या वाचनाची वाट लागते. सीतास्वयंवर नीट वाचता येत नाही. जनकाचं धनुष्य आठ चाकांच्या लोखंडी पेटीत होतं आणि ती पेटी ओढायला पाच हजार माणसं लागली, असं वाल्मीकी सांगतात. रामाने प्रत्यंचा चढवून ते ओढलं आणि ते मधोमध मोडलं. आपण सगळे इथे हात जोडतो. धनुष्य करणाऱ्याला हा प्रसंग ऐकवा. तोही हात जोडतो, रामाच्या बाहुबलाबद्दल चकार शब्द काढत नाही, आणि मग हळूच विचारतो, ‘‘पेटीत तेल-पाणी कोण बघत होतं?’’

शीर मिळाली म्हणजे काम झालं, असं अजिबात नाही. ओली शीर कापडाच्या ओल्या पट्टीइतकी निरुपयोगी. ती साफ करून वाळवायची. वाळली की ती पिवळसर, अर्धपारदर्शक आणि इतकी कडक होते की टेबलावर आपटली तर टक्क वाजते. मग ती गुळगुळीत दगडाने किंवा लाकडी मोगरीने ठेचायची. धारदार कडेच्या हातोडीने ठेचली तर धागे तुटतात. पुष्कळ ठेचल्यावर ती एकाएकी हार मानते आणि आत दडलेले पांढरे धागे मोकळे होतात. ते बोटांनी उभे चिरत जायचे, विंचरायचे, जाड-बारीक वेगळे करायचे. निकामी निघालेले तुकडे फेकायचे नाहीत. त्यांचाच सरस होतो. शीर म्हणजे बव्हंशी कोलॅजन आणि सरस म्हणजे शिजवलेलं कोलॅजन. थोडक्यात, जनावराला त्याच्याच काढ्यात भिजवून लाकडाला चिकटवायचं. सरसाला उकळी येऊ द्यायची नाही, नाहीतर त्याचा जोर जातो. तासन्‌तास ते भांडं नुसतं गरम ठेवायचं. ज्यांच्या लहानपणी वाड्यात सुताराने सरस वितळवला होता, त्यांना पुढचं सांगायला नको. इतरांनी आपल्या नशिबाचे आभार मानावेत.

आणि मग येतं चघळणं.

याबद्दलचा सगळ्यात चांगला साक्षीदार एक शल्यचिकित्सक आहे. १९११ साली उत्तर कॅलिफोर्नियात ओरोव्हिल गावच्या कत्तलखान्याच्या आवारात एक उपाशी, एकटा माणूस सापडला. ‘याही’ नावाच्या जमातीतला तो शेवटचा. बाकीच्यांना गोऱ्या वसाहतवाल्यांनी काही दशकांत संपवलं होतं. त्याने आपलं नाव कधीच सांगितलं नाही. त्याच्या भाषेत माणसाला म्हणतात तसं त्याला ‘इशी’ म्हणू लागले. सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठ संग्रहालयात तो राहिला आणि १९१६ मध्ये क्षयाने गेला. शेजारच्या वैद्यकीय महाविद्यालयातले डॉक्टर सॅक्स्टन पोप त्याचे वैद्य होते, पाहता पाहता ते त्याचे शिष्य झाले. पोटं उघडण्यात निष्णात असलेला हा डॉक्टर इशीसमोर बसून धनुष्य करायला शिकला आणि १९२३ मध्ये त्याने धनुष्यबाणाच्या शिकारीवर पुस्तक लिहिलं. अमेरिकेत हौशी धनुर्धाऱ्यांचं जे पीक आलं त्याचं बियाणं हे.

इशी ज्युनिपरच्या लाकडाचं आखूड धनुष्य करायचा आणि त्याच्या पाठीवर हरणाच्या पायातली शीर लावायचा. ती मऊ कशी करायची? चावून. आधी भिजवायची, मग तोंडात घालून दातांनी तिचे धागे सुटे करायचे आणि सामन माशाच्या कातडीच्या सरसाने एकेक करून लाकडावर बसवायचे. वरून झाडाच्या सालीच्या पट्ट्या बांधून वाळू द्यायचं. पूर्ण धनुष्याची पाठ भरेल इतकी शीर चावायची म्हणजे काय प्रकार असेल, याचा विचार दाढदुखीच्या माणसाने करू नये.

आता मला माझ्या भाच्याकडे यावं लागेल. तो अमेरिकेत मिनेसोटा राज्यात असतो, दिवसा संगणकाचं काम करतो आणि रात्री गॅरेजमध्ये पाषाणयुगात जातो. त्याने आजवर चिमणीलाही खडा मारलेला नाही. पण नोव्हेंबरात तिकडे हरणांच्या शिकारीचा हंगाम असतो, शेजारीपाजारी परवाना काढून जातात, मांस ठेवतात आणि गुडघ्याखालचे पाय टाकून देतात. भाच्याने त्यांना सांगून ठेवलं, ‘पाय टाकू नका, मला द्या.’ अमेरिकन शेजारी फार प्रश्न विचारत नाहीत. भारतातून आलेला माणूस आहे, करत असेल काही धार्मिक, असं त्यांनी आपापसांत ठरवलं असावं.

त्याच हिवाळ्यात माझी धाकटी बहीण सांगलीहून मुलाकडे राहायला गेली. घर शाकाहारी, म्हणजे अंड्याच्या केकलाही दोनदा विचारून हात लावणारं. पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी तिने फ्रीझर उघडला. वरच्या कप्प्यात मटार, मधे खवलेला नारळ, खाली खुरांसकट चार पाय.

‘‘अरे, हे काय आहे?’’

‘‘आई, ते हरणाचे पाय आहेत.’’

‘‘ते मला दिसतंय. उरलेलं हरिण कुठे आहे?’’

त्या रात्री मला फोन आला. ‘‘दादा, तूच याला लहानपणी महाभारताची पुस्तकं आणून दिलीस,’’ अशी सुरुवात झाली. मी गप्प बसलो. भाचा मागून ओरडत होता, ‘‘मामा, आईला सांग की ही पर्यावरणपूरक गोष्ट आहे. वाया जाणारं वापरतोय.’’ यावर बहिणीने मटार आणि नारळ टाकून दिल्याची माहिती दिली. शेवटी गॅरेजसाठी वेगळा, छोटा फ्रीझर आला आणि दोन्ही राष्ट्रांमध्ये तह झाला.

तह झाला तरी सीमेवर हालचाल चालूच राहिली. भाच्याने शिरा हीटरजवळ वाळत घातल्या. बहिणीने जाता जाता पाहिलं आणि तिला राहवेना. चाळीस वर्षं जिने कुरडया, सांडगे आणि साबुदाण्याच्या पापड्या वाळवल्या, तिच्यासमोर कोणी काही चुकीचं वाळवत असेल तर ते शाकाहारी आहे की नाही हा प्रश्न मागे पडतो. ‘‘आचेजवळ वरून कडकेल, आतून ओलं राहील,’’ ती दारातूनच म्हणाली. ‘‘सावलीत, वाऱ्यावर ठेव. आणि एकावर एक घालू नकोस.’’ भाच्याच्या पुस्तकांतही तेच लिहिलं होतं, पण पुस्तकं त्याने नुसती वाचली होती. मात्र ठेचण्यासाठी सांगलीहून आणलेला खलबत्ता त्याने मागितला तेव्हा तिने तो उशाशी घेऊन झोपायला सुरुवात केली. भाच्याने लेक सुपीरियरच्या काठावरून एक गुळगुळीत गोटा उचलून आणला आणि काम भागवलं.

खरा स्फोट पुढे झाला. मुठीवर शिरेचा वेढा द्यायचा होता. त्यासाठी इशीच्याच परंपरेला जागून भाच्याने धागा तोंडात धरला.

‘‘हे तू चावतोयस?’’

‘‘आई, लाळेने मऊ पडते. शिवाय तोंडाची ऊब मिळते, मग ती आपोआप चिकटते.’’

‘‘म्हणजे हे धनुष्य उष्टं.’’

भाच्याला यावर उत्तर सुचलं नाही. त्याने शबरीचा दाखला दिला. बहीण म्हणाली, ‘‘शबरीने बोरं चाखली होती. हरिण नव्हे.’’ थोड्या वेळाने ती कोमट पाण्याची वाटी घेऊन आली आणि त्याच्यासमोर आदळली. ‘‘यात बुडव. आणि हे बाहेर कुठे बोलू नकोस, तुझं लग्न व्हायचंय अजून.’’ कोमट पाण्याने काम तितकंच चांगलं होतं, ही गोष्ट जगातले बरेचसे कारागीर मान्य करतात. पण मला राहून राहून वाटतं, की पाण्याची वाटी जवळ नसलेल्या माळरानावर, बर्फात, डोंगरात, घोड्यावर बसल्या बसल्या किती जणांनी हा दोरा दातात धरला असेल! आपण ज्याच्या तोंडचं पाणीही पिणार नाही, अशा माणसाच्या तोंडातून आलेल्या वस्तूवर किती सरदारांची सरदारकी टिकली असेल! पराक्रमाच्या पोवाड्यात याचा उल्लेख नाही. नेम धरणाऱ्याचं नाव राहतं. चावणाऱ्याचे दात पडतात आणि विषय संपतो.

वेढा देण्याची रीत मात्र पाहण्यासारखी आहे. त्यात गाठ नाही. ओल्या धाग्याचं सुरुवातीचं टोक अंगठ्याने दाबून धरायचं, पुढचे वेढे त्याच्यावरूनच घ्यायचे, एकाला एक चिकटून, आणि शेवटचं टोक नुसतं चेपून सोडून द्यायचं. ते स्वतःलाच चिकटतं. वाळताना शीर आकसते आणि वेढा असा आवळतो की नखाने खरवडूनही टोक सापडत नाही. बाणाच्या बाबतीत तर हा वेढा म्हणजे सगळं काही: फाळ दांडीत बसवला की त्याखाली वेढा, पिसांच्या दोन्ही टोकांना वेढा, दोरी बसते त्या खाचेखाली वेढा, नाहीतर पहिल्याच झटक्याला दांडी उभी चिरते. ऋग्वेदाच्या सहाव्या मंडलात शस्त्रांची स्तुती करणारं ७५वं सूक्त आहे. त्यात पिसं ल्यालेला, हरणाचा दात असलेला आणि गाईने बांधलेला बाण उडतो. इथे गाय म्हणजे तिची शीर आणि सरस, असा खुलासा यास्काचार्यांनी निरुक्तात करून ठेवला आहे. हे वाक्य मी बहिणीला फोनवर वाचून दाखवणार होतो. मग म्हटलं, तह झालेला आहे, नको.

कौटिल्याला असले संकोच नव्हते. अर्थशास्त्रात प्रत्यंचेचं सामान सांगताना त्याने मूर्वा, रुई, ताग, बांबू यांच्या रांगेत स्नायूही बसवला आहे, आणि शस्त्रागाराच्या अध्यक्षाला ताकीद दिली आहे, की ऊब, ओल आणि किडे यांनी खराब होणारा माल वेळीच हलवून ठेवावा. आपल्याकडे जनावराची तात अगदी परवापरवापर्यंत गल्लीत ऐकू यायची. गादी पिंजायला येणाऱ्या पिंजाऱ्याच्या धनुकलीला आतड्याची तात असायची. टुंग टुंग करत तो कापूस उडवायचा आणि आपण मुलं पाठीमागे फिरायचो. त्या धनुष्याने कोणाचा वध झाला नाही, ढेकणांचा तेवढा निर्वंश झाला.

कौटिल्याच्या यादीतली ओल ही खरी मेख. सरस पाण्यात विरघळतो. पाण्यात विरघळणाऱ्या गोंदाने चिकटवलेलं आणि भिजल्यावर ढिली पडणारी शीर गुंडाळलेलं शस्त्र घेऊन माणूस हजारो वर्षं लढायला जात होता, यावरून पावसाळ्यात मोहिमा का थांबत, याचं एक कारण समजतं. हिंदुस्थानात म्हणूनच पोलादी धनुष्यंही वापरात होती. ओढायला कमी चपळ, पण कोठारात वर्षानुवर्षं पडली तरी त्यांचे थर सुटत नसत. कोकणात जूनमध्ये कपाटातल्या पट्ट्यालाही हिरवी लव फुटते, तिथे शिरेचं धनुष्य घेऊन कोणी उभा राहिला असता तर श्रावणापर्यंत त्याच्या हातात लाकूड एकीकडे, शिंग दुसरीकडे अशी वाटणी झाली असती. सातपुड्यातल्या भिल्लांनी हा गोंधळच ठेवला नाही. धनुष्य बांबूचं, दोरीही बांबूच्या कामटीची. ना सरस, ना शीर, ना रुसवे.

कोरियात मात्र लोक हट्टाला पेटले. तिथलं गाकगुंग नावाचं शिंगाचं धनुष्य, त्याला म्हशीचं शिंग, बैलाची शीर, माशाच्या फुग्याचा सरस. दमट हवेत ते मऊ पडतं, म्हणून त्याच्यासाठी ऊब देणारं खास कपाट ठेवतात. घरातला म्हातारा कुडकुडत असेल, धनुष्य उबेत. १९७१ मध्ये कोरियन सरकारने धनुष्यबाण घडवण्याची ही कारागिरी राष्ट्रीय अमूर्त वारसा म्हणून जाहीर केली. आर्क्टिकच्या इन्युइट लोकांनी त्याहून शहाणपणा केला. त्यांच्याकडे धड लाकूड नाही. समुद्राने वाहून आणलेल्या ओंडक्यावर काम. सरस तिथल्या ओलीत टिकणार नाही हे ओळखून त्यांनी शिरेच्या वेण्या वळल्या आणि धनुष्याच्या पाठीवर नुसत्या बांधून ताणल्या. ढिल्या झाल्या की पीळ घालायचा. दुरुस्तीला कारागीर नको, गोंद नको, वाट पाहणं नको.

ओलीवरून मला शमीचं झाड आठवतं, आणि महाभारतातला तो प्रसंग अलीकडे मी वेगळ्याच नजरेने वाचतो. दसऱ्याला आपण आपट्याची पानं वाटतो, शमीची पूजा करतो, पण मूळ गोष्टीतलं व्यवस्थापन कोणी सांगत नाही. पांडव अज्ञातवासाला विराटनगरीत शिरण्याआधी स्मशानाजवळच्या शमीवर शस्त्रं ठेवतात. वर चढवण्याआधी एकेक भाऊ आपापल्या धनुष्याची दोरी उतरवतो. ही गोष्ट व्यासांनी प्रत्येकाच्या नावानिशी सांगितली आहे, आणि दोरी चढवून ठेवलेलं धनुष्य काही दिवसांत कायमचं वाकडं होतं हे ज्याला माहीत आहे तोच असं लिहील. नकुल वर चढतो आणि जिथे पावसाचं पाणी लागणार नाही अशी जागा शोधून धनुष्यं घट्ट बांधतो. वर्षभर राहायची आहेत, त्यात एक पावसाळा! मग शेजारी एक प्रेत बांधतात, म्हणजे वासाने कोणी फिरकणार नाही, आणि वाटेत भेटणाऱ्या गुराख्यांना सांगत सुटतात, की ती आमची एकशे ऐंशी वर्षांची आई, आमच्या कुळात अशीच पद्धत आहे. धर्मराजाच्या उपस्थितीत हे सांगितलं गेलं. वासाचा मुद्दा मला तर जास्तीचाच वाटतो. धनुष्य नवीन असतं तर प्रेताची गरज लागली नसती.

दोरी उतरवण्याचं एवढं महत्त्व, याचं अजून एक कारण आहे. शीर आणि शिंग लावलेलं चांगलं धनुष्य दोरी काढल्यावर सरळ होऊन थांबत नाही, ते उलट्या बाजूला वळतं. जुनं तुर्की धनुष्य दोरी उतरवलेलं पाहिलं तर ते कोणीतरी चुकून मोडलेलं वाटतं. त्याला उलट्याचं सुलट करून दोरी चढवणं हे नवख्याचं काम नाही, आणि चुकीच्या दिशेने जोर लावला तर ते मोडतं. होमरच्या महाकाव्यात ओडिसियस वीस वर्षांनी घरी येतो तेव्हा त्याच्या बायकोचे उमेदवार त्याचं धनुष्य शेकोटीवर शेकून, चरबी लावून पाहतात. दोरी चढत नाही. ओडिसियस हातात घेतल्यावर आधी काय करतो? आपल्या माघारी किड्यांनी शिंग खाल्लं तर नाही ना, हे उलटंपालटं करून बघतो. वीस वर्षांनी भेटायची बायको वरच्या मजल्यावर आहे, शंभरावर शत्रू दालनात आहेत, आणि हा गृहस्थ कीड शोधतोय! ज्यांच्या घरात हौशी कारागीर आहे त्या बायकांना यात अतिशयोक्ती दिसणार नाही.

तुर्कांनी ही कला टोकाला नेली. धनुष्याला शीर बसवून झाली की ते वाळायला महिनेच्या महिने, कधी वर्षभराहून जास्त सोडून द्यायचं. कॉन्स्टँटिनोपल जिंकल्यावर दुसऱ्या मेहमेद सुलतानाने तिथे ओकमैदानी नावाचं तिरंदाजीचं मैदान राखून ठेवलं. लांब बाण टाकणाऱ्यांच्या स्मरणार्थ तिथे दगड उभे राहात. सुलतान तिसरा सेलीम याच्या नावावर १७९८ सालची ८८९ मीटरची नोंद आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस तुर्की वकिलातीतला महमूद एफेंदी नावाचा चिटणीस लंडनच्या तिरंदाजांसमोर उभा राहिला आणि त्याने ४८२ यार्ड बाण टाकला. इंग्रजांचे डोळे पांढरे झाले. हा म्हणाला, ‘सध्या सराव नाही.’ कचेरीत बसून फायली लिहिणाऱ्या माणसाने हे म्हणावं, यापेक्षा मोठा अपमान इंग्लंडचा तोवर कोणी केला नसेल.

आल्प्सच्या बर्फात १९९१ मध्ये सापडलेला, पाच हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचा ओत्झी नावाचा माणूस मला या सगळ्या मंडळींत सर्वांत जवळचा वाटतो. त्याच्याजवळ धनुष्य होतं, पण अर्धवट. भात्यात १४ बाण, त्यातले दोनच पूर्ण. शिरांची सुटी जुडी मात्र व्यवस्थित बरोबर घेतलेली, आणि शिरेचीच वळलेली दोरी. सामान सगळं आहे, काम एकही संपलेलं नाही. भाच्याच्या गॅरेजचं याहून अचूक वर्णन मला करता येणार नाही.

भाच्याचं धनुष्य मात्र अखेर झालं. ते कुठे ठेवायचं यावरून इशी पुन्हा घरात आला. पोप यांनी इशीचे नियम लिहून ठेवले आहेत: धनुष्य उभं ठेवू नये, कारण उभं असलं की ते काम करत राहतं आणि थकतं, ते आडवं झोपवावं. त्याला कोणी ओलांडू नये. मुलांनी हाताळू नये, बायकांनी हात लावू नये. विटाळ झाला तर वाळूने आणि पाण्याने धुवावं. बहिणीने हे सगळं ऐकून घेतलं. ओलांडू नये, हे तिला ताबडतोब पटलं. तिच्या घरात झोपलेल्या माणसाला ओलांडलं तर उलटं फिरून परत यावं लागतं. वाळू-पाण्याचंही तिला विशेष वाटलं नाही. ‘‘म्हणजे आधी उष्टं करायचं आणि मग सोवळ्यात ठेवायचं,’’ ती म्हणाली. ‘‘आणि बायकांनी हात लावायचा नाही तर गॅरेज कोण झाडणार?’’ भाच्याने गॅरेज झाडायला सुरुवात केली, ही इशीची आमच्या घराण्यावरची कृपा.

पण धनुष्याला खरा धोका ना पावसाचा, ना विटाळाचा. तो भूक लागलेल्यांचा आहे. इजिप्तवर चालून आलेल्या असिरियन फौजेचे भाते, धनुष्यं आणि ढालींच्या मुठी उंदरांनी एका रात्रीत कुरतडल्या आणि सकाळी फौज निःशस्त्र पळाली, अशी हकीकत हिरोडोटस सांगतो. मिनेसोटात उंदीर नव्हते, शेजाऱ्यांचा लॅब्रेडोर होता. गॅरेजचं दार अर्धा तास उघडं राहिलं. नियमाप्रमाणे आडवं झोपवलेलं धनुष्य त्याला अगदी तोंडाच्या उंचीवर मिळालं. त्याने लाकडाला दात लावला नाही, मुठीवरचा वेढा तेवढा सोडवून घेतला आणि अंगणात बसून तो शांतपणे चावला. इशीने जिथे काम सोडलं असतं त्याच्या बरंच पुढे त्याने ते नेलं.

नवा वेढा द्यायला शिरा उरल्या नव्हत्या, हंगाम संपला होता. तेव्हा भाच्याने दुकानातून ‘कृत्रिम शीर’ आणली. नाव मोठं, पण आत मेण लावलेला पॉलिस्टरचा दोरा. कुत्रा त्याकडे बघत नाही, किडा शिवत नाही, पाण्याने ढिला पडत नाही. चघळावा लागत नाही. हौशी मंडळी त्याला नाकं मुरडतात आणि गुपचूप वापरतात. बहिणीला तो फारच आवडला. ‘‘हा आधीच आणला असतास तर मटार वाचले असते,’’ म्हणत तिने एक रीळ पर्समध्ये टाकलं आणि ते सांगलीला आलं. तिथे तिने त्या दोऱ्याने पहिलं काम केलं ते मेहुण्यांच्या कोल्हापुरी चपलेचा उसवलेला अंगठा शिवण्याचं.

मेहुण्यांनी चप्पल पायात घालून, वाकून दोरा ओढून पाहिला. ‘‘चिवट दिसतोय. कसला आहे गं?’’

‘‘कृत्रिम शीर.’’

‘‘शीर? कोणाची?’’

‘‘कोणाचीच नाही हो, खोटी आहे,’’ असं ती म्हणेपर्यंत मेहुणे चप्पल काढून नळाखाली पाय धूत होते. ती चप्पल आता फाटकाबाहेर असते. तिचं बाकीचं चामडं म्हशीचं आहे, त्याबद्दल त्यांची काही तक्रार नाही.